आईला न सोसलेलं घड्याळ

माझ्या आईला सोनं सोसायचं, बाकी कुठलाही धातू सोसायचा नाही. आम्ही यावरून तिची भरपूर थट्टा करायचो. "महाराणींना बाजारातलं चालत नाही," असं वडील म्हणायचे, आणि ते पुरतं खरं होतं. एकदा आमच्या लालबागमधल्याच एका लग्नात मावशीच्या आग्रहाखातर तिने खोट्या कुड्या घातल्या, तर जेवणाची पंगत उठायच्या आत तिच्या कानाच्या पाळ्या सुजून लाल झाल्या. ब्लाउजचे हूक, चष्म्याच्या काड्या, परकराला लावलेली सेफ्टीपिन, जिथे जिथे धातू टेकला तिथे तिथे चट्टा उठायचा आणि मग खाजवून खाजवून ती हैराण व्हायची.

त्यावर आमच्या चाळीतल्या बायकांचा एक हुकमी उपाय होता. बिनरंगी नेलपॉलिश आणायचं, धातूला आतल्या बाजूने त्याचा एक हात द्यायचा आणि वाळू द्यायचं. मग ती वस्तू बरेच दिवस त्रास देत नाही. आई तर हुकांनासुद्धा नेलपॉलिश लावायची. घरात नखं रंगवणारं कुणी नव्हतं, पण नेलपॉलिशची बाटली कायम देवघराखालच्या खणात असायची. चाळीचा टॉवर झाला, आम्ही वर राहायला गेलो, तरी तो खण आणि ती बाटली तशीच आमच्याबरोबर आली.

वडील गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ परदेशात होता. वडील दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. भाऊ विमान बदलत बदलत पोचला तोवर सगळं उरकलं होतं. दारात उभा राहून, पायातले बूटही न काढता तो म्हणाला, "ताई, मला कुणी आधी का नाही कळवलं?" आधी काय कळवणार होतो? आम्हालाच कुठे कळलं होतं! पण ती गोष्ट त्याच्या मनात जी बसली ती बसलीच. पुढे आईच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात असं डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि त्याने तिकडून तिच्यासाठी ते घड्याळ पाठवलं.

घड्याळ हातावर असलं की ठोके मोजतं, पावलं मोजतं, आणि आईच्या फोनवरून ते सगळं त्याला तिकडे त्याच्या फोनवर दिसतं. आईला पहिले काही दिवस वाटायचं की त्याला ती स्वतःच दिसते. साडी बदलताना ती घड्याळावर रुमाल टाकायची. मी हसून हसून बेजार झाले. तिला समजावल्यावर ती जरा हिरमुसली, मग म्हणाली, "ठोके तर बघतो ना, मग झालं." शेजारणींना ती हात पुढे करून दाखवायची की माझा मुलगा इकडे आहे.

आठवडा उलटला आणि मनगटावर चट्टा उठला. मला हे आधीच सुचायला हवं होतं, पण परदेशातून आलेली महागडी वस्तू, तिला काय होणार, अशी माझीही समजूत होती. मी भावाला फोन करून सांगितलं, "अरे, आईला हे घड्याळ सोसत नाहीये."

"पट्टा बदलू की ताई," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी कुरियरने कापडी पट्टा दारात हजर झाला. माझ्या भावाचं हे असंच. त्याला एखादी अडचण सांगा, तो ऐकून घ्यायच्या आधी वस्तू पाठवतो. पट्ट्याचा दोषच नव्हता. घड्याळाच्या पाठीला धातूची कड होती, ती कातडीला घासत होती.

मग एके दिवशी मी मंडईत गेले असताना आईने आपला हुकमी उपाय केला. बिनरंगी नेलपॉलिश संपलं होतं, म्हणून भावाची मुलगी सुट्टीत आली तेव्हा विसरून गेलेली मरून रंगाची बाटली घेतली आणि खिडकीशी बसून घड्याळाची अख्खी पाठ रंगवून काढली. ज्या काचेतून ते हिरवे दिवे लुकलुकतात आणि ठोके मोजतात, तीसुद्धा. वाळल्यावर घड्याळ परत हातावर बांधलं आणि ती मेथी निवडायला बसली.

तिकडे सकाळ झाली. भावाने उठल्या उठल्या फोन बघितला तर आईच्या ठोक्यांची जागा कोरी. त्याने आईला फोन लावला, तो आतल्या खोलीत वाजत राहिला. मला लावला, मी लालबागच्या गर्दीत, मला कुठला ऐकू यायला! मग त्याने शेजाऱ्यांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला, मिळेल त्याला फोन केले. मी घरी आले तर दारात ही गर्दी. माणसांना ढकलत आत गेले तर आई मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसलेली, आणि सगळ्यांना सांगतेय, "नाय गो, मेले नाय मी, बसलंय हयसरच."

मला हसू आलं, रागही आला. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. आई दिसल्याबरोबर तो रडायलाच लागला. डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागलेला बाप्या माणूस, आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून हुंदके देत होता. "मला वाटलं, परत तसंच झालं," एवढंच त्याला बोलता येत होतं. आईने फोन जवळ धरला. नंतर तिने मला नेलपॉलिश पुसायचं औषध आणायला पिटाळलं, काच लख्ख केली आणि घड्याळ बांधलं. त्या दिवसापासून ती ते काढेना, आणि त्याला पुन्हा नेलपॉलिशही लावू देईना.

चट्ट्याचे फोड झाले, फोडांना पाणी सुटलं. ती पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायला लागली, मला दिसू नये म्हणून. भाकरी थापताना तोंड वाकडं करायची, विचारलं की म्हणायची, "तवा तापलाय." मी अक्षरशः ओढत तिला दादरला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीवर कसल्या कसल्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्या निघेपर्यंत पाठ भिजवायची नाही म्हणून सांगितलं. आंघोळीवाचून राहायचं म्हणजे आईला मोठं संकट. पट्ट्या काढल्या तेव्हा एका जागी लालभडक उठलं होतं. निकेल. "आयुष्यभराची ॲलर्जी आहे ही," डॉक्टर म्हणाल्या. "मलमाने हात बरा होईल, पण घड्याळ परत घातलं की हे परत येणार. काढून ठेवा." परळच्या हृदयाच्या डॉक्टरांनाही मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या, तपासणी चुकवू नका, त्रास वाटला तर ताबडतोब या. घड्याळ नसलं तरी काही अडत नाही.

दोन डॉक्टर एका बाजूला! मी टॅक्सीत विजयी वीरासारखी बसले होते. घरी आल्यावर आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टरांना काय जातं सांगायला? त्यांचा मुलगा रडला नाय."

"मग मी सांगते त्याला सगळं."

"सांग. तू सांगितलंस की मी गोळ्या बंद करीन."

हे ती धमकी म्हणून बोलली नव्हती, सहज सांगितल्यासारखं बोलली होती, आणि ती तसं करेल हे मला ठाऊक होतं. माझा असा संताप झाला की मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे परत झटकत बसले. कुणावर रागवायचं तेच कळेना. आई चुकत होती, पण मुलाच्या काळजीपोटी. भाऊ चुकत होता, पण त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. मधल्या मध्ये मी होते, रोज तो हात बघणारी, आणि मला काही करता येत नव्हतं.

एके सकाळी चहा झाल्यावर तिने घड्याळ सोडलं, माझा हात ओढला आणि माझ्या मनगटावर बांधलं.

"हे काय?"

"तुझा हात रिकामाच असतो. तू घाल. त्याला ठोके दिसल्याशी कारण."

"आई, अगं ते माझे ठोके होतील."

"रक्त एकच ना? मग?"

मी खूप वाद घातला. मग तिने बाही वर केली. मी वाद घालायचं थांबवलं.

हात बरा व्हायला लागला, कातडी सुकली, खपल्या पडल्या. तिकडे भाऊ खूश. "ताई, आईची तब्येत काय सुधारलीय! गोळी लागू पडली बघ." मी घरी मुलांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे दिवसभर घड्याळ आणि आईचा फोन एका छपराखाली राहायचे, अडचण अशी काही येत नव्हती. फक्त एकदा त्याने विचारलं, "आईचे ठोके रोज संध्याकाळी एकदम वाढतात, काय करते ती तेव्हा?" संध्याकाळी माझ्याकडे पाचवीतली कार्टी असतात. अपूर्णांक शिकवताना माझं डोकं फिरतं, ते त्याला तिकडे दिसत होतं. आईने पटकन उत्तर पाठवलं, "आरती म्हणते रे, टाळ्या वाजवून." त्याने कौतुकाने अंगठा पाठवला. मग त्याने आईसाठी चालण्याचं उद्दिष्ट ठरवून दिलं, आणि माझे दुखरे गुडघे घेऊन मी गच्चीवर आईच्या वाटणीचं चालायला लागले. उद्दिष्ट पुरं झालं की तो आईला शाबासकी पाठवायचा. आई ती मला वाचून दाखवायची आणि मिश्कील हसायची. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू.

पण ती हसत असताना माझं लक्ष तिच्या छातीकडे असायचं. आता तिचे ठोके कुणीच बघत नव्हतं. मी अधूनमधून तिचा हात धरून नाडी बघायचे, तर ती हात सोडवून घ्यायची. एकदा मनाचा हिय्या करून, ती देवळात गेल्याचं बघून मी भावाला फोन लावला. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, हल्ली मला रात्री झोप लागते, माहितीये? बाबा गेल्यापासून पहिल्यांदा." मी तिकडे थंडी किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

मग एका दुपारी मी वह्या तपासत होते. स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला. आई ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. "दम लागतोय गो," एवढंच म्हणाली. शेजारीण आली, आम्ही दोघींनी तिला लिफ्टमधून खाली आणलं, टॅक्सीत घातलं. लालबागहून परळ ते काय लांब! पण वाटेतल्या पुलाखालचा सिग्नल सुटता सुटेना. आईने डोळे मिटले होते. मी तिची नाडी शोधत होते आणि माझ्या बोटांना काही म्हणजे काही लागत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात तिला स्ट्रेचरवर घेतलं. मी मागे धावत होते, एका हातात तिची फाईल, एका हातात तिच्या चपला, खांद्याला पर्स. आतलं दार लागलं. तुम्ही बाहेर थांबा, असं कुणीतरी म्हणालं. पर्समध्ये घाईत टाकलेला आईचा फोन वाजला. भावाचा मेसेज होता, आईला.

"आई, भरदुपारी कसली धावपळ चाललीय? ठोके किती वाढलेत बघ. एका जागी बस जरा, पाणी पी."

मी भिंतीशी बाकावर बसले. पाणी मात्र प्यायले नाही. बराच वेळ बसले असेन, कारण फोन पुन्हा वाजला. "शाब्बास. आता कसे छान आले खाली."

आतून एक तरुण डॉक्टर आली. आईची मुलगी तुम्हीच का, असं विचारलं, माझ्याशेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आम्ही प्रयत्न करतोय. पण घरात आणखी जवळचं कुणी असेल तर बोलावून घ्या."

घड्याळ हातातून ओरबाडून काढावंसं वाटत होतं. पण काढलं असतं तर त्याच्याकडची जागा कोरी झाली असती, आणि मी फोन लावायच्या आत त्याला ते दिसलं असतं. मी ते तसंच हातावर ठेवलं आणि फोन लावला. त्याने हसतच उचलला.

"तू निघ," मी म्हटलं. "मिळेल त्या विमानाने निघ. आईला बरं नाहीये."

एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसा तो म्हणाला, "ताई, घाबरू नकोस. मी आत्ता बघतोय ना, तिचे ठोके चालू आहेत."