रविवारी घातलेली वेणी

मंजुषाबाईंच्या हातात कंगवा आल्याशिवाय आमच्या शाळेची सकाळ होत नाही. धानोऱ्याच्या पुढे, जंगलात, आमची दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्या डोक्यावर, तिसरी-चौथी बाईंकडे. परिपाठाआधी बाई व्हरांड्यात मांडी घालून बसतात आणि पोरी एकामागून एक त्यांच्यापुढे पाठ करून बसतात. तेल, कंगवा, दोन वेण्या, रिबिनी. हात वेणीवर आणि कान पाढ्यावर. सातच्या पाढ्याला जी अडखळेल तिची वेणी जरा जोरात ओढली जाते.

"बाई, ही शाळा आहे का ब्युटी पार्लर?" मी एकदा विचारलं होतं.

"सर, आधी तुमच्या वर्गाचे पाढे घ्या, मंग बोला."

तेव्हापासून मी त्या वेळेला हजेरीत डोकं घालून बसतो.

त्यांचा आठवडा ठरलेला. सोमवारी नखं. बुधवारी पोरं घरून एखादी वस्तू आणतात, तिचं गोंडी नाव बाईंना शिकवतात आणि बाई मराठी नाव फळ्यावर लिहितात. चुकल्या की अख्खा वर्ग खिदळतो. शुक्रवारी परसबागेतली वांगी तोडून मोजायची, की लागलीच बेरीज-वजाबाकी. आणि शनिवार. शनिवारी दप्तर नसतं, गाणी-गोष्टी असतात, पण बाईंचं अर्धं लक्ष रस्त्यावर. सकाळची शाळा सुटली रे सुटली की कुणाच्या तरी मोटारसायकलवर धानोरा, मग गडचिरोली, चंद्रपूर अशा एसट्या बदलत भद्रावती. तिथे नवरा संघपाल कारखान्यात नोकरीला, सासूबाई आणि लेक रोशनी. पोचेपर्यंत दिवेलागण होते आणि रविवारी दुपारी परतीची गाडी. घरी एक रात्र, बाकी आठवडा आमचा. दरवर्षी जिल्हा बदलीचा अर्ज भरतात. यादी लागते, त्यांचं नाव लागत नाही.

रोशनी मागच्या वर्षी तिसरीतच होती. म्हणजे दुसऱ्यांच्या तिसरीला आई शिकवते आणि स्वतःची तिसरी आजीकडे. तिच्या कॉन्व्हेंटात दोन वेण्यांची सक्ती. आजीच्या बोटांत वात, वेणी कशी घालणार? जूनमध्ये आजीने फोनवर विचारलं, बाई हो म्हणाल्या, आणि पोरीचा बॉयकट झाला. वाया कशाला घालवायच्या म्हणून तिच्या निळ्या रिबिनी बाईंनी इकडे आणल्या आणि चंदाच्या वेण्यांना बांधल्या. चंदा त्यांच्या वर्गातली, शिंगरासारखी उधळणारी पोर.

जानेवारीत गॅदरिंगनंतर कॉन्व्हेंटला आठवडाभर सुट्टी होती. रोशनी हट्ट करून आईबरोबर आली.

सोमवारी सकाळी ती व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभी राहिली. आई एकेकीला पायांत ओढून घेत होती, मानेवरचं तेल पदराने पुसत होती, "सात चोक?" विचारत होती. चंदाची पाळी आली तशी रोशनी पुढे झाली.

"आई, ह्या माह्या रिबिनी होय."

बाईंचा हात थांबला. चंदाने एकदा बाईंकडे, एकदा त्यांच्या लेकीकडे पाहिलं आणि रिबीन सोडायला लागली. रोशनीने मान हलवली. "राहू दे. मले काय करायच्या?"

त्या दिवशी ती वर्गात आलीच नाही, खांबापाशी बसून राहिली. बुधवारी मात्र वर्गात आईची गोंडी चुकली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. आणि गुरुवारी सकाळी मी पाहतो तर रांगेच्या शेवटी, पोरींच्या मागे, रोशनी बसलेली. तिची पाळी आली. तिने आईकडे पाठ केली.

बाईंनी कंगवा उचलला. घालायला काहीच नव्हतं. त्या नुसत्या विंचरत राहिल्या, तेल लावून पुन्हा विंचरत राहिल्या. परिपाठाची वेळ होऊन गेली होती. घंटेचा दांडका माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. वेळापत्रक गेलं खड्ड्यात.

"वाढवू का केस?" रोशनीने विचारलं.

"वाढव ना."

"पन वेणी कोण घालून देईन? तू तं नसते."

बाईंनी कंगवा पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतला. मला फार वाईट वाटलं, आणि राग आला, नेमका कुणाचा ते सांगता येणार नाही.

रोशनीने केस वाढवले. यंदा ती चौथीत आहे. डिसेंबर आला, खांद्यापर्यंत पोचले. बदलीच्या यादीत यंदाही बाईंचं नाव नाही. आता रविवारी निघण्याआधी बाई तिच्या दोन वेण्या घालतात. "अजून घट्ट," पोरगी म्हणते. त्यानंतर डोक्याला कुणाला हात लावू देत नाही. न्हाणं शनिवारी, आई आली की. रात्री ओढणी गुंडाळून झोपते. आजी रागावते, शाळेतून चिठ्ठी येते, पोरगी ऐकत नाही.

आमच्याकडे फोनला रेंज फक्त हातपंपाजवळ. परवा शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, बाई तिथे स्पीकर लावून उभ्या होत्या. मी पाणी भरत होतो.

"आई, एक सुटली," पलीकडून रोशनी म्हणाली. "दुसरी आहे अजून. उद्या येशीन ना?"