पाहुणीची सभा

कळमनुरीच्या दीक्षाला कुणी हट्टी म्हटलं की तिची आई पंचफुलाच आधी हसते. हट्टी नसती तर पोरगी आज माझ्यासंगं शेतात निंदायला असती, म्हणते. खरंच आहे ते. गावात कुणी समाज विचारला की मान खाली घालणारी ही पोर विद्यापीठात एम.ए.ला गेली आणि वर्षभरात ताठ मानेनं 'जय भीम' म्हणत विद्यार्थी संघटनेची सचिव झाली.

तेवढ्यात फर्मान निघालं. इमारत जुनी झाली, जूनपासून मुलींचं वसतिगृह बंद, ज्यानं त्यानं आपली सोय बघावी. आता पंचफुलाच्या मजुरीत शहरातली खोली कुठून बसणार? वसतिगृह गेलं की दीक्षाचं एम.ए. गेलं, इतकं सरळ होतं.

तिनं सभा बोलावली. लहानपणापासून विहारात पाहिलं तसंच केलं: आधी सगळ्यांना उभं करून त्रिशरण-पंचशील, मग विषय. पहिल्या सभेला ऐंशी मुली आल्या, दुसरीला पन्नास, तिसरीला जेमतेम तीस, आणि त्या सगळ्या बौद्ध. दीक्षाचा पारा चढला. बाकीच्यांना घर जळालं तरी जाग यायची न्हाई, म्हणाली.

तिच्या खोलीतली मिना तिच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची, बाबूसिंगची लेक. ती शेवटी बोलली, "दीक्षा, तुझ्या सभेत मी पाहुणी असते."

झालं! दीक्षा खवळली. आता कुठं आमी आमचं काही मोठ्यानं म्हणून राहिलो, तर तेही गिळायचं का? दोघींचा अबोला सुरू झाला.

पण तांड्यावर सेवालाल महाराजांचा भोग होता आणि मैत्रिणीला घेतल्याशिवाय येऊ नको, असा मिनाच्या आईचा, पारुबाईचा लेकीला निरोप होता. गेल्या बिचाऱ्या, जीपमध्ये दोन बाजूंना तोंडं करून. तांड्याच्या नायकानं निखाऱ्यावर तूप सोडलं, गोरमाटी बोलीत अरदास सुरू झाली, सगळा तांडा हात जोडून उभा राहिला. दीक्षाही राहिली. पण कधी वाकायचं, कधी उठायचं, कशाचा पत्ता नाही. सगळे वाकले तेव्हा ही ताठ, सगळे उठले तेव्हा ही वाकलेली. कुणी हसलं नाही. उलट पारुबाईनं पहिली लापशी तिलाच वाढली, आणि त्या मानानंच ती ओशाळली. पाहुणीला मान असतो, मत नसतं, हे तिला तिथं कळलं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "माझं चुकलं. पण वंदना मी सोडणार न्हाई."

"सोड म्हणलं कोण? सभेच्या आधी म्हणा की," मिना म्हणाली.

पुढच्या वेळी वंदना अर्धा तास आधी झाली. मग सभेत एकेकीनं आपलं गाव सांगितलं आणि वसतिगृह गेलं तर घरी काय होईल तेही सांगितलं. दोघी-तिघी रडल्या. निवेदनावर एकशे बारा सह्या झाल्या.

निवेदन घेताना विद्यापीठातल्या साहेबांनी दीक्षाकडं पाहिलं आणि तुमच्या समाजाचं म्हणणं कळलं, आता इतर मुलींचं बघू, असं म्हणून कागद बाजूला सारला.

"साहेब, मी बौद्ध हाय, ते लपवू काहून? पण इतर मुली दारातच उभ्या हायत. त्यांचं त्यांनाच विचारा."

मिना आत आली. तिच्यामागं एकेक करत इतक्या आल्या की साहेबांना खुर्ची मागं घ्यावी लागली. दुसरी सोय होईपर्यंत वसतिगृह सुरू राहील, असं त्यांनी तिथंच लिहून सही केली. दीक्षानं कागद वाचला, डोळे पुसले आणि तो मिनाच्या हातात दिला. व्हरांड्यातल्या मुलींना तो मिनानंच वाचून दाखवला.