तलवारवालीचं गाणं आणि टॅन अंकलची खुर्ची

स्वयंपाकघराच्या दाराला एक पिशवी लटकलेली असते, तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. आमच्या कराओके मंडळीचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. रोज एखादा वापरते, तरी पिशवी फुगलेलीच! सून म्हणते, "आई, हे सगळ्यांना सांगत बसू नका." बरं, नाही सांगत. लिहूनच काढते!

मंडळी म्हणजे इथे सिंगापूरला, पुंगोल भागातल्या आमच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, दर शनिवारी सकाळी जमणारे चिनी अंकल-आंटी. सगळे माझ्याहून लहान, पण गुडघे माझ्याहून म्हातारे! गातात फक्त त्यांच्या लहानपणी टीव्हीवर लागणाऱ्या चिनी सिरियल्सची गाणी. सूड, विरह, तलवारी, पांढऱ्या दाढीचे गुरू.

त्यांचा एक नियम आहे. प्रत्येक गाण्याला मालक असतो. मालक समोर बसलेला असेल, तर ते गाणं दुसऱ्या कुणी गायचं नाही. तो कॉफी आणायला गेला, की मग खुशाल गा.

मला हवं होतं त्यातल्या एका सिरियलच्या नायिकेचं, तलवारवालीचं गाणं. त्याचे मालक टॅन अंकल. मशीनही त्यांचंच. पहिल्याच दिवशी मी माइक मागितला, तर मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "आंटी, तुम्ही टाळ्या वाजवा, लाह!"

मी म्हटलं, "टाळ्या वाजवायला मी काय आरतीला आलेय?"

त्यांना आरती कळली नाही. माझा आवाज कळला.

* * *

मला हे गाणं कुठून येतं? शेजारणीच्या दारातून!

लग्नानंतर आम्ही जुन्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये राहायचो. समोर मेई राहायची. तिचं लाकडी दार सताड उघडं, नुसती लोखंडी जाळी लावलेली. आत सिरियल चालू, बाहेर माझ्या लहानग्या नितीनला काखेत घेऊन मी उभी. चौथ्या दिवशी मेईने जाळी उघडली आणि न बोलता एक स्टूल पुढे सरकवलं. माझी शाळा चौथीत सुटली होती, ती त्या स्टुलावर पुन्हा भरली. तलवारवालीचं गाणं म्हटल्याशिवाय नितीन वरणभाताचा घास घ्यायचा नाही.

मेईला इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. पण आमच्या ह्यांनी आवाज चढवला, की समोरच्या स्वयंपाकघरातून ती सिरियलमधल्या दुष्ट सेनापतीच्या एन्ट्रीची धून जोरजोरात गुणगुणायची. ह्यांना शेवटपर्यंत वाटायचं, बाई मोठी हौशी आहे!

मेई आता नाही. तिचं गाणं एकदा, माइकवर, सगळ्यांसमोर गायचं, एवढंच मला हवं होतं. भीक नव्हते मागत.

* * *

सून केतकी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आहे. तिचा मॅनेजर जेवायला येणार होता. चिनी माणूस, चाळिशीचा, टाय लावलेला. केतकीने सकाळीच बजावलं, "आई, प्लीज, आज ते गाणं नको."

"बरं," म्हटलं. पण पुऱ्या तळताना तोंड आपोआप चालू होतं, त्याला मी काय करू?

बाहेर बोलणं थांबलं. साहेब स्वयंपाकघराच्या दारात. मला वाटलं, तक्रार करणार. त्यांनी ओट्यावरचं लाटणं उचललं, एक पाय मागे घेतला आणि तलवारवालीच्या पवित्र्यात उभे राहिले! मी झारा उगारला. गॅस बंद करून लढलो.

त्या वर्षी केतकीला बढती मिळाली. ती म्हणते, कामामुळे.

* * *

आपल्या मराठी लोकांचीही गंमत सांगते. गणपतीत कार्यक्रम होता. सूत्रसंचालन करणारा संशोधक मुलगा, पुण्याचा, म्हणाला, "काकू, तुम्ही काहीतरी आपलं म्हणा ना!"

मी उभी राहिले आणि तलवारवालीचं म्हटलं. अख्खं!

तो घाबरत जवळ आला. "काकू, 'आपलं' म्हटलं होतं मी."

"चाळीस वर्षं म्हणतेय," मी म्हटलं. "अजून किती वर्षांनी आपलं होतं?"

मागच्या रांगेतून कुणीतरी वन्समोअर दिला. नितीन होता!

* * *

इकडे टॅन अंकल माझ्यामुळे खुर्ची सोडेनात. उठले, की मी माइक धरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. सगळे उठून कॉफी आणायचे, टॉयलेटला जायचे. हे अख्खी सकाळ जागचे हलायचे नाहीत. मंडळीतली लिम आंटी माझ्या कानात म्हणाली, "डॉक्टरने त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलंय."

दुसऱ्या शनिवारी मी त्यांच्यासाठी मोठी बाटली भरून बार्लीचं पाणी नेलं. "प्या अंकल, तब्येतीला चांगलं!"

त्यांनी बाटली घेतली, थँक्यू म्हणाले आणि खुर्चीखाली ठेवून दिली. झाकण न उघडता!

* * *

मग आली मिड-ऑटमची, म्हणजे चिनी लोकांच्या कोजागिरीची संध्याकाळ. खांबाखांबाला कंदील, टेबलावर मूनकेक, अर्धा ब्लॉक खाली उतरलेला. शेवटचं गाणं टॅन अंकलचं. संगीत सुरू झालं. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीला सूर वर चढतो, तिथे त्यांचा आवाज बसला. खाकरले. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा!

संगीत पुढे चाललेलं. सगळ्यांना गाणं पाठ, पण कुणी तोंड उघडेना. मालक समोर होता ना! लिम आंटी जमिनीकडे बघत राहिली.

मी उठले. पदर खोचला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अंकल, जरा कॉफी घेऊन या!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हटवली नाही.

मग त्यांनी मशीनवर गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं, माइक माझ्या हातात दिला आणि लिफ्टजवळच्या जाड खांबामागे जाऊन उभे राहिले. पूर्ण दिसेनासे.

मी गायले. दुसऱ्या ओळीचा वरचा सूर असा लावला, की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या!

कडवं संपलं आणि खांबामागून टाळ्या ऐकू यायला लागल्या. एकच माणूस, ठेक्यावर.

मी माइक तोंडाशी धरला. "अंकल, ताल सोडू नका! अजून दोन कडवी आहेत!"