शेजारचा ब्रेक

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना खऱ्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. वाहन चालवायला शिकवण्यात त्यांची सारी हयात गेली, म्हणून तोंडावर ते मास्तर. आणि शिकवताना त्यांचा पाय सदैव ब्रेकवर असे, म्हणून पाठीमागे ब्रेकमास्तर. शिकवणीच्या गाडीत चालकाशेजारच्या जागेपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा, असा त्याचा उपयोग. मास्तर मात्र शिकणाऱ्याच्या चुकण्याची वाट पाहत बसत नसत. ताकही फुंकून पिण्याचा त्यांचा स्वभाव त्यांच्या पायात उतरला होता. त्यांच्याकडे शिकलेली मंडळी गमतीने म्हणत, परवाना आम्हाला मिळाला, पण गाडी मास्तरांनीच चालवली. त्यांच्या गाडीला इतक्या वर्षांत साधा ओरखडाही उमटला नव्हता, हेही तितकेच खरे होते, आणि ते स्वतः ही गोष्ट काहीशा ताठ्यानेच सांगत.

उतारवयात या घरावर दोन संकटे पाठोपाठ आली. प्रथम वहिनींची, म्हणजे मास्तरांच्या पत्नीची, मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे, नशिबी आले. त्यासाठी डाव्या हाताची एक शीर शस्त्रक्रियेने जाड करून ठेवलेली होती. त्या हाताने त्या पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नसत. पुढे मास्तरांना काचबिंदू असल्याचे निष्पन्न झाले. त्यांना समोरचे नीट दिसे. कडांचे मात्र हळूहळू पुसले जात होते. नेत्रतज्ज्ञांनी गाडी चालवण्यास स्पष्ट मनाई केली. मास्तरांनी वर्ग बंद केला, शिकवणीची गाडी विकली आणि बायकोला भाड्याच्या गाडीने रुग्णालयात नेण्यास आरंभ केला.

त्यातून निभावणे कठीण होते. उपचारानंतर वहिनींना इतका थकवा येई, की पेट्रोलचा वास किंवा गिअरचा एखादा हिसका लागताच उलटी होई. एका चालकाने तर भर रस्त्यात दोघांनाही उतरवून दिले, आणि वहिनी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. त्या दिवसापासून त्या म्हणू लागल्या, की आता हे जाणे-येणे पुरे, जे व्हायचे ते घरात होऊ दे. वहिनींचे जगणे सर्वस्वी त्या जाण्या-येण्यावरच अवलंबून होते.

तेव्हा त्यांच्या कन्येने घरची गाडी घेण्याचे ठरवले. ती एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. वयाने चाळिशीकडे झुकली असली तरी घरात अजून छकुलीच होती. गाडी विजेवर चालणारी हवी, म्हणजे वास नाही आणि हिसकाही नाही. बेताच्या लांबीची, पण बसायला उंच हवी. आणि ती चालवणार ती स्वतः. मास्तरांचे घोडे इथे अडले. छकुलीच्या तरुणपणी त्यांनी तिला शिकवायला घेतले होते, तेव्हा त्यांच्या पायाला कंटाळून तिने मधेच शिकणे सोडले आणि पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका वर्गातून गुपचूप परवाना मिळवला. मास्तरांच्या मते तो परवाना नसून पैसे भरल्याची पावती होती.

छापील माहिती बारकाईने वाचण्याची मला खोड असल्यामुळे गाड्या पाहायला जाताना त्यांनी मलाही बरोबर घेतले. पुष्कळ चाळणी लावल्यावर दोन गाड्या उरल्या, एक पांढरी आणि एक राखाडी. एका चार्जिंगमध्ये दोन्ही गाड्या रुग्णालयाच्या कित्येक फेऱ्या सहज करू शकत होत्या. पल्ल्याचा प्रश्न नव्हता. पांढरीचे मागचे दार जवळजवळ काटकोनात उघडे आणि तिची बैठक वहिनींच्या कमरेच्या उंचीला बरोबर येई. त्या नुसत्या टेकल्या आणि पाय आत घेऊन बसल्या. राखाडीचे दार अरुंद आणि बैठक खोल होती. तिच्यात शिरताना वहिनींना डावा हात छातीशी धरून अंग वळवावे लागले.

“अहो, मी काय भाजीची पिशवी आहे, दाबून बसवायला?” त्या आतून म्हणाल्या. “मला बसता येतं ती घ्या.”

मास्तरांचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे होते. प्रत्येक गाडीत ते चालकाशेजारच्या जागेवर बसले, खाली वाकले आणि पायाखालचा गालिचा चाचपून पाहिला. विक्रेता तरुण आणि अतिशय नम्र होता. या गाडीत वेगाच्या पेडलवरून पाय काढला तरी ती आपोआप मंदावते, हे तो मोठ्या कौतुकाने समजावून सांगू लागला. मास्तरांनी त्याला विचारले, की चालवणाऱ्याने पायच काढला नाही तर काय. नंतर त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला: या बाजूला दुसरा ब्रेक बसवता येईल का?

“काका, ही घरगुती गाडी आहे. हिला ब्रेक एकच असतो.”

“एकच असतो, म्हणूनच माणसं मरतात,” मास्तर म्हणाले.

त्यांच्या शिकवणीच्या सगळ्या गाड्यांना शेजारचा ब्रेक बसवून देणारा एक जुना मेकॅनिक होता. त्याने दोन्ही गाड्या पाहून सांगितले, की पांढरीत त्या जागी विजेची एक बंद पेटी आहे, तिला हात लावता येणार नाही. राखाडीत मात्र जागा मोकळी आहे, सळई टाकून ब्रेक जोडता येईल. एवढ्यावर निवड झाली. छकुलीने वाद घातला नाही, पण घरी परतताना जिन्यात ती वडिलांना म्हणाली, “गाडी आईसाठी घेतोय, बाबा. तुमच्या पायासाठी नाही.” मास्तरांनी उत्तर दिले, की आईसाठी घेतोय म्हणूनच पाय हवा. त्या अरुंद दाराची वहिनींना सवय होईल, असे त्यांनी ठरवून टाकले. या घरात अखेर मास्तरांचेच म्हणणे चालते, हे वहिनी लग्नापासून जाणून होत्या.

आरंभीचे दिवस, मान्य केले पाहिजे, बरे गेले. छकुली उत्तम चालवी. वहिनींची उलटी थांबली आणि घरातच काय ते होऊ दे ही भाषाही थांबली. मास्तर शेजारी बसत आणि अधूनमधून त्यांचा पाय जाई. गाडी कचकन थांबे, मागचे लोक भोंगे वाजवीत. “अहो, पाय आवरा, नाहीतर बांधून ठेवीन,” असे वहिनी मागून म्हणत, आणि सगळे हसत. मात्र एक गोष्ट छकुलीच्या ध्यानात येऊ लागली होती. मास्तर पूर्वी धोका येण्याआधी ब्रेक दाबत. आता धोका नसतानाही दाबत. कडेचे दिसत नसल्यामुळे, कितीतरी वेळ शेजारून चाललेला माणूस त्यांच्या दृष्टीच्या अरुंद चौकटीत आला, की तो आभाळातून पडल्यासारखा त्यांना एकाएकी समोर दिसे. तिने एकदा हळूच सुचवले, की बाबा, तुम्ही मागे आईजवळ बसा. मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिने पुन्हा विषय काढला नाही.

पुढे घडले ते मला छकुलीने नंतर सांगितले. उपचार आटोपून तिघे परतत होते. रस्ता रुंद, वाहतूक वेगाची. कडेने एक सायकलस्वार आपल्या वाटेने चालला होता. छकुलीला तो बराच वेळ दिसत होता आणि तिने त्याच्यापासून पुरेसे अंतर ठेवले होते. मास्तरांना तो अचानक दिसला. त्यांनी सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून येणारी मालवाहू गाडी तिच्यावर आदळली. सायकलस्वार मागे वळून न पाहता पुढे निघून गेला. मागच्या बैठकीवर वहिनींचा डावा हात पुढच्या जागेच्या लोखंडी दांड्यावर आपटून मोडला.

वाहतूक पोलिसाने खिडकीशी येऊन विचारले, “मोकळ्या रस्त्यावर एकदम ब्रेक का मारला?”

छकुलीने एकदा वडिलांकडे पाहिले. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता. “माझी चूक झाली,” ती म्हणाली. “मला सायकलवाला दिसला आणि मी ब्रेक दाबला.”

मास्तर गप्प राहिले. जबाब तसाच नोंदला गेला.

त्या हाताची शीर कायमची निकामी झाली. डॉक्टरांनी मानेतून नळी घालून उपचार चालू ठेवले. काही आठवड्यांनी त्या नळीतून जंतू रक्तात शिरले आणि वहिनी गेल्या. शुद्धीत होत्या तोवर त्या छकुलीला जवळ बसवून घेत, आणि ती चांगली चालवते असे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. लोकांना ते आईचे मन वाटे.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा छकुलीने शेजारचा ब्रेक काढून टाकायला लावला. त्यामुळे तो कधीकाळी तिथे होता याची खूणही राहिली नाही.

त्यानंतर एका दुपारी वहिनींचे थोरले बंधू, छकुलीचे मामा, भेटायला आले. मीही तिथे बसलो होतो. मामांचा स्वभाव सरळ, बोलणे मात्र कोरडे. बोलता बोलता ते म्हणाले, की हौसेला मोल नसते हे खरे, पण चालवता येत नाही तर आजारी माणसाला घेऊन रस्त्यावर उतरू नये. “माझी बहीण आणखी पाच-सात वर्षे जगली असती.” छकुली खाली मान घालून खुर्चीच्या हातावरचा सुटलेला धागा ओढत होती.

मास्तर उठून उभे राहिले. “तिला बोलू नका. ब्रेक मी दाबला.”

मामांनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. “तुम्ही शेजारी होतात, मेहुणे. शेजारी कुठे ब्रेक असतो?”

मास्तरांनी सगळे सांगितले: मेकॅनिक, सळई, मोकळी जागा, सायकलस्वार. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला आणि शब्द एकमेकांत अडकले. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की खाली गाडी उभी आहे, तिच्यात तो ब्रेक दाखवता का. मास्तरांनी लेकीकडे पाहिले.

“काढून टाकला, मामा,” छकुली म्हणाली. “पण बाबा म्हणतात ते खरं आहे.”

“आणि पोलिसाला तू सांगितलंस ते?”

“ते खोटं होतं.”

तो ब्रेक होता, असे मीही म्हणालो, पण मामांनी तो शेजारधर्म मानला. मग चप्पल पायात घालत ते मास्तरांना म्हणाले, “बाप आहात. लेकीला पाठीशी घालणारच. मला राग नाही त्याचा.” दारातून त्यांनी छकुलीकडे पाहिले नाही.

मास्तर बराच वेळ उभेच होते. आपण त्यांच्या घरी जाऊ, त्या मेकॅनिकला बरोबर नेऊ, तो सांगेल, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. छकुलीने त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवले.

“नको, बाबा. तेव्हा तुम्ही बोलला असतात, तर सगळ्यांनी ऐकलं असतं.”

हे तिने रागाने म्हटले नाही. तिने मामांचा अर्धा राहिलेला चहा उचलला, मोरीत ओतला आणि ती नोकरीवर जाण्याची तयारी करू लागली. त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघाला नाही. मामांचे येणे संपले. छकुली त्या गाडीतून एकटीच कामावर जाते आणि फार सावकाश चालवते. तिची गाडी येताना दिसली, की इमारतीतली माणसे आपली मुले जवळ ओढून घेतात.