नांग्या भरल्या त्याची गोष्ट

सायब बांधावरनं पळत आला तवा माझी पोर झोळीत व्हती. बाभळीला झोळी बांधलेली. मी आधी पोरीकडं धावले, मला वाटलं साप निघाला. साप न्हवता. सायबाच्या हातात वावरातल्या खुंटीवरचा, उसाचं नाव लिवलेला पत्रा व्हता, तारंसकट उपटलेला. मी पोर कमरंवर घेतली आन् उभी राहिले. पळायला जागा कुठं व्हती.

"हीच ना ती?" त्यानं मुकादमाला इचारलं.

"व्हय सायब," मुकादम तात्या म्हणला. "उसातल्या नांग्या हिनंच भरल्या."

सायबानं तार काठीच्या टोकाला अडकवली आन् लांबूनच माझ्या गळ्यात सोडली. हात लावायला नगो म्हणून काठी. मागं मळ्याचा मालक, मालकाचे चार पाव्हणे, छत्र्या, बूट. सायब त्यांच्याकडं वळून म्हणला, "हा बघा अडाणीपणाचा नमुना."

पाव्हणे हसले. एक तर वाकून पत्र्यावरचं वाचून गेला. दुकानातल्या पोत्यावरचं वाचतात तसं.

पोरीनं पत्रा धरला. नऊ महिन्यांची पोर, हाताला लागंल ते तोंडात. कड ओठाला लागली. रगत आलं. आन् मी काय केलं? मी तार काढली न्हाय. सायबानं घातलेलं काढायचं तर सायबाला इचारायला पायजे, असं डोक्यात बसलेलं. पोरीच्या तोंडाचं रगत बघत मी सायबाच्या तोंडाकडं बघत व्हते. पत्र्याचं दुखणं दोन दिसांत गेलं. हे जात न्हाय.

मी कऱ्हाटीची. लग्न करून लासुर्ण्याच्या शिवारात आले, तितं एका साखर कारखान्याचा मळा हाय. नवरा बॉयलरवर चिपाड टाकायचा, मी मळ्यात. मळ्याच्या कडंला आमाला एक खोपी दिलेली.

मळ्यावर दोन शिकलेले सायब. एक अमेरिकेतनं शेतीचं शिकून आलेला. दुसरा पैसे पुरले न्हाईत म्हणून अमेरिकेतनं खाली कुबा देशात उतरला, तितं बी उसाचीच शेती, आन् तितं शिकला. आमी त्यांना अमेरिकासायब आन् कुबासायबच म्हणायचो. माघारी.

दोघांचं रोज भांडण. दुपारी बाभळीखाली डबा खाताना सुरू व्हायचं. कुणाची युनिव्हर्सिटी मोठी. युनिव्हर्सिटी म्हंजे शाळंच्या पुढची, पार वरची शाळा. अमेरिकासायब सांगायचा, तितं शाळंचीच शेतं आपल्या गायरानाएवढी, काचंच्या घरात ऊस वाढवतात, यंत्रानं त्याची गोडी बघतात. फी लई. ती भागवायला सायबानं म्हणं खाणावळीत ताटं घासली, आन् कुणी त्याला हलकं समजलं न्हाय. मी ऐकायचे. तितं दुसऱ्याची ताटं घासणारा हा मानूस हितं सवताचा पेला उचलत न्हवता. आन् आमच्या पाण्याचं मडकं त्यानंच येगळं ठिवायला लावलेलं.

कुबासायबाचं उलटं. तो म्हणायचा, तिकडं स्पॅनिश बोलतात, आन् ती बोली बोलणारे कुबासारखे, मेक्सिकोसारखे कितीतरी देश हायेत. तितल्या युनिव्हर्सिटीत यंत्रं कमी, काचंची घरं तर न्हाईतच. पर मास्तर कसा असावा यात पोरांचं बी चालतं. आन् ती पोरं सांजच्याला कारखान्यातल्या मजुरांना लिवायला शिकवतात. अमेरिकासायब म्हणायचा, मग तुमचा पास झाल्याचा कागद कुठाय? कागद न्हवताच. सरकारनं तितल्या युनिव्हर्सिटीच्या दाराला कुलूप घातलं, सायबाचं शिक्षण अर्ध्यात राहिलं. तात्या आमच्यात म्हणायचा, "एक काचंच्या घरातनं आला, एक कुलपाच्या घरातनं. आपल्याला दोन्हीकडं पाणी बाहेरच."

शेवटाला मालक कटाळला. म्हणला, तोंडानं बोलू नगा, उसात दावा. मग एकाच वावराचे दोन भाग केले. दोघांनी आपापल्या उसाचं बेणं लावलं, आपापल्या शिकवणीनं. खुंट्या ठोकल्या, खुंट्यांवर बेण्याचं नाव लिवलेले पत्रे. ज्याचा ऊस भारी त्याच्या हातात सगळा मळा, दुसऱ्यानं जायचं.

त्याच दिसांत कुबासायब आमा बायकांना अक्षरं शिकवायला लागला. दुपारी, अर्धा तास, मातीत काडीनं. मी तिसरी शिकलेली, शाळंच्या बाहेरच्या वट्यावर बसून. मला जोडाक्षरं यायची न्हाईत, ती त्यानं शिकवली. गोड बोलायचा. माझा इस्वास बसत न्हवता. फुकट शिकवणारा मानूस मी कधी बघितला न्हवता. मी अक्षर घ्यायचे आन् नजर त्याच्या हाताकडं ठिवायचे. पर शिकले. शिकले हे खरं हाय.

आता नांग्यांचं. ऊस लावला की सगळे डोळे फुटत न्हाईत. सरीत मधी मधी मोकळी जागा राहती, ती नांगी. कोपऱ्यात जादा रोपं वाढवलेली असतात, ती आणून तितं लावायची. माझ्या आयनं केलं, तिच्या आयनं केलं. उघडी नांगी ठिवून घरी जाणं म्हंजे बाईला लाज. नांगी दिसली की हात सवताहून जातो.

कुबासायबाच्या सऱ्यांत नांग्या लई पडल्या. वाळवीनं खाल्लं. त्याच्या बेण्याची रोपं संपली. एक दिस तो मला म्हणला, त्या कोपऱ्यातली रोपं आण आन् भरून टाक. मी बघितलं, तो कोपरा अमेरिकासायबाचा.

मी इचारलं, "सायब, पत्र्यावर तर येगळं नाव हाय. बेणं येगळं दिसतंय."

तो हसला. "ऊस तो ऊस, बाई."

मी भरल्या. खरं सांगते, त्यानं सांगितल्या तेवढ्याच भरल्या न्हाईत. पुढच्या दोन सऱ्या त्यानं दावल्या न्हवत्या. तितं नांग्या दिसल्या, रोपं उरलेली, मी लावून टाकली. तेवढी माझी चूक. बाकी माझी न्हाय.

ऊस लहान व्हता तवर कळलं न्हाय. कांड्या धरल्या आन् रंग फुटला. कुबासायबाच्या पिवळ्या उसात मधी मधी तांबडा ऊस. मालक पाव्हण्यांना घिऊन आला त्या दिशी आंधळ्याला बी दिसलं असतं. मग अमेरिकासायब पळत आला, तो पत्रा, ती तार, ते रगत. कुबासायब तितंच व्हता, चार हातावर. बुटाचा चिखल झाडत व्हता.

दुसऱ्या दिशी सकाळी मला कचेरीच्या व्हरांड्यात बोलावलं. पोर कमरंवर, ओठ सुजलेला, दूध ओढता येईना म्हणून रडत व्हती. टेबलाशी दोघं सायब. शेजारी शेजारी. सहा म्हैने कुत्र्या-मांजरासारखे भांडलेले, आन् आज एकाच पेल्यातनं प्यायल्यासारखे. मी तवाच ताडलं. ही दोघं एक झाली म्हंजे मधी मी हाय.

टेबलावर कागद आन् शाईची डबी. तात्यानं मला येता येताच सांगितलं व्हतं, अमेरिकासायबाच्या भागात काणीचा रोग पडलाय, उसाला काळी शेंडी निघालीय. तो बी हरतच व्हता. बायकांनी घोटाळा केला असं ठरलं की सगळी पैजच रद्द, कोण हरलं न्हाय, कोण जिंकलं न्हाय, दोघांच्या नोकऱ्या जाग्यावर.

कुबासायब म्हणला, "अंगठा दे, बाई. तुझ्या नवऱ्याचं काम राहील. खोपी राहील."

अंगठा पुढं गेला बी व्हता, खोटं कशाला बोलू. मग पोरीनं माझ्या मानंत तोंड घातलं. तार रुतलेली तितंच. आन् मी म्हणलं, "वाचू द्या."

"वाचणार? तू?" अमेरिकासायब.

मी बोट ठिवून वाचलं. हळू. ती दोघं उभी राहिली आन् मी वाचत बसले, माझ्यासाठी ती अशी कधी ताटकळली न्हवती. लिवलं व्हतं, मी अडाणी असल्याने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या चुकीने दोन्हीकडची रोपे मिसळली.

मी कुबासायबाकडं बघितलं. "मी तुमाला इचारलं व्हतं. तुमी म्हणलात, ऊस तो ऊस."

तो भिंतीकडं बघायला लागला. मी अमेरिकासायबाकडं बघितलं. मला वाटलं आता हा उसळंल, ह्याचा वैरी सापडला. तो म्हणला, "ते असू दे. अंगठा कर."

त्याला म्हायती व्हतं. तवा मला कळलं. काचंचं घर काय आन् कुलपाचं घर काय. एकात यंत्रं शिकवतात, एकात मजुरांची कणव शिकवतात, आन् समुद्र वलांडून दोन्हीकडची माणसं माझ्याच अंगठ्यापाशी येऊन टेकतात.

टेबलावरचा टाक मी घेतला. इचारलं न्हाय. कागदाच्या खाली लिवलं, नांग्या सायबांनी भरायला सांगितल्या. दोन सऱ्या मी मनानं भरल्या. मी अडाणी न्हाय. खाली नाव लिवलं. नाव लिवताना शाई सांडली, पोर रडत व्हती, मी घामानं भिजलेली. कुबासायबानं तो कागद फाडला. त्यानंच शिकवलेली अक्षरं, त्यानंच फाडली.

दुपारपर्यंत खोपीतलं सामान बाहेर. मी पोर घिऊन कऱ्हाटीला आयकडं आले. नवरा तितंच हाय, कामावर. काल आला व्हता. मुंडाशात नवा कागद, तसाच लिवलेला. म्हणला, बाजाराच्या दिसापर्यंत तुझा अंगठा न्हाय दिला तर मला बी काढतील. वाईट न्हाय तो. रडला. मी बी रडले. मला भ्या वाटतंय, आत्ता लिवताना बी. दारात कुणाचं पाऊल वाजलं की मी अंगठा मुठीत धरते.

पर तो कागद मी उलटा केलाय. पाठीवर तेच परत लिवलंय, नांग्यांचं, माझ्या दोन सऱ्यांचं, पत्र्याचं आन् पोरीच्या ओठाचं बी. खाली नाव. उद्या नवरा हाच कागद घिऊन जाईल. ह्यो फाडला तर दुसरा लिवीन. अंगठा मी कुणाला देणार न्हाय. पोरीचा बी देऊ देणार न्हाय.

तुमी हे वाचताय, म्हंजे तुमी शिकलेले. कुठल्या शाळंत, मला ठावं न्हाय. तुमच्यावर बी माझा इस्वास न्हाय, राग मानू नगा. माझ्या जागी तुमी काय केलं असतं ते मी इचारत न्हाय, तितं तुमी कधी नसणार. त्या टेबलाच्या पल्याड, शाईची डबी पुढं सरकवताना, समोर ओठ फुटलेली पोर रडताना, तुमी काय केलं असतं?