खोक्यासकट

त्याला सगळे किलो म्हणत. पार्सलच्या गोदामात वजनकाट्यापाशी तो एकोणीस वर्षं बसत होता, आणि माणूस ज्या वस्तूसमोर फार वर्षं बसतो तिचं नाव त्याला हळूहळू चिकटतं. खोकं काट्यावर यायचं, तो आकडा मोठ्याने म्हणायचा, पावतीवर शिक्का पडायचा, खोकं पुढे जायचं. आत काय आहे ते उघडून बघायचं नाही, असा नियम होता. पाठवणाऱ्याने पावतीवर लिहिलेलं खरं मानायचं.

त्याचं लग्न जमलं नाही. ताईच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत तो राही. तिथे पलंगावर बसलं की मान तिरकी ठेवावी लागे. आता ती बाहेरही तिरकीच राहू लागली होती.

रविवारी दुपारी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चौघं जमत आणि अंतराळाचा एक खेळ खेळत. चष्मेवाला गोष्ट सांगे: कुठला ग्रह, कसलं वादळ, पुढ्यात काय आलं. बाकीचे तिघं आपापल्या पात्राने काय केलं ते सांगत आणि फासे टाकत. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, यानाचा मेकॅनिक. कवळ्या बनवणारी बाई, जिला सगळे बत्तिशी म्हणत, ती डॉक्टर. किलो वैमानिक. अकरा वर्षं तोच एक वैमानिक त्याने जिवंत ठेवला होता. त्याची माहिती लिहिलेला कागद खोडून खोडून कापडासारखा मऊ झाला होता. त्या वैमानिकाची मान सरळ होती.

नियम चष्मेवाल्याने लिहिलेले. त्यात सेन्सर तीनच प्रकारचे होते: हलका, मध्यम आणि जड. किलोला हे सहन होईना.

"जड म्हणजे किती जड?" तो विचारी.

"तुझ्याइतका," दाजी म्हणत.

शेवटी त्याने स्वतःच तक्ता केला. त्याला तीन वर्षं लागली. गोदामातून तऱ्हेतऱ्हेची यंत्रं जात: जमिनीखालचा धातू शोधणारी, छातीचे ठोके ऐकणारी, धूर हुंगणारी. त्यांच्या पावत्यांवरून त्याने वजनं उतरवली, किमतीही उतरवल्या. एकशे बारा सेन्सर झाले. कुठला उष्णता ओळखतो, कुठला श्वास, कुठला भिंतीपलीकडची हालचाल. चार कागद, दोन्ही बाजूंनी, मुंगीएवढ्या अक्षरात. चष्मेवाला नियमांची पुस्तिका छापून लांबलांबच्या खेळणाऱ्यांना टपालाने पाठवणार होता. किलोला त्यात आपला तक्ता हवा होता. आजवर त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हे मागताना त्याचा आवाज फाटला.

"एक डाव तुझ्या तक्त्याने खेळू," चष्मेवाला म्हणाला. "चालला तर छापू."

पुढच्या रविवारी ते राखेच्या एका चंद्रावर उतरले. जाताना किलोने वाट शोधणारा मोठा सेन्सर घेतला. दाजींनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"अडतीस किलो, आणि किंमत एवढीच? स्वस्त आणि जड. आमच्या जिन्याखाली ठेवलाय तसलाच एक."

बत्तिशी खुदकन हसली. पाठवणारे पावतीवर किंमत पाडून लिहितात हे गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं, किलोलाही. पण छापील शिक्क्याखालच्या आकड्याला खोटा म्हणायला त्याची जीभ रेटत नसे.

वादळ उठलं. यान दिसेनासं झालं. वाट फक्त सेन्सरलाच कळत होती आणि चष्मेवाल्याचा जुना नियम असा की जितकं ओझं जास्त तितकी हवा लवकर संपते.

"चाल चाळीस मिनिटांची," चष्मेवाला म्हणाला. "अडतीस किलो पाठीवर घेऊन हवा पुरेल चौतीस."

"आळीपाळीने उचलू," किलो म्हणाला.

"तुझा तक्ता, तुझं यंत्र, तूच उचल, मेव्हण्या," दाजी म्हणाले.

"पण अडतीस किलो म्हणजे फारच होतंय हं," बत्तिशी म्हणाली. "आमच्याकडे कवळ्यांची भट्टी आली ना, तेव्हा लाकडी पेटी न् थर्मोकोलच केवढा! दोन माणसं लागली उतरवायला. आतली भट्टी मी एकटीने ओट्यावर ठेवली."

किलोची फासे धरलेली मूठ तशीच राहिली.

वजनं खोक्यासकट होती. एकशे बाराच्या एकशे बारा. पेटी, खिळे, थर्मोकोल, चिकटपट्टी, सगळ्यासकट. तीन वर्षांत हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्याच्या जगात खोकं कधी उघडतच नसे. त्याचा वैमानिक वादळातून लाकडी पेटी पाठीवर घेऊन चालला होता. पेटी काढली तर सेन्सर, त्याच्या अंदाजाने, बावीस किलोंचा, आणि बावीस किलोंना हवा पुरत होती. एवढं बोललं की वैमानिक वाचला असता. तक्ता मात्र कचऱ्यात गेला असता.

"टाकतोयस ना फासे?" चष्मेवाल्याने विचारलं.

किलोने टाकले.

डॉक्टर आणि मेकॅनिक हलक्या पावलांनी पुढे निघाले. वैमानिक मागून रेडिओवर सांगत राहिला: डावीकडे, आता सरळ, पुढे खड्डा आहे. ते दोघे यानात पोचले. तो तीनशे पावलं मागे होता.

"सेन्सर टाकून दे की," बत्तिशी म्हणाली.

"टाकला तर वाट नाही दिसणार." मग तो वळला. "दाजी, हवेचं एक नळकांडं घेऊन या. तीनशेच पावलं आहेत."

"नळकांड्याचं वजन किती?"

"ते तक्त्यात नाही. तक्ता नुसता सेन्सरचा आहे."

"मग तक्त्यात नाही ते मी उचलू कसं?"

बत्तिशीने तोंडावर हात ठेवला आणि हाताआड हसत राहिली. चष्मेवाला कागदावर मांडलेले हवेचे ठिपके पेन्सिलीने एकेक करून खोडत गेला.

"संपली," तो म्हणाला.

वादळ शमल्यावर दाजी तीनशे पावलं मागे गेले आणि वैमानिकाचे बूट काढून घेऊन आले.

मऊ कागदाची घडी घालताना किलोने विचारलं, "तक्ता चालला ना?"

"झकास चालला! असा डाव वर्षभरात झाला नाही." चष्मेवाल्याने टेबलाखालून छापून आलेली पुस्तिका काढली. "आता एवढंच, की ही एकशे ब्याण्णव ग्रॅम भरते. दोनशेपर्यंत टपालाचा एक दर, पुढे जवळपास दुप्पट. तुझे चार कागद किती होतील रे?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. खोलीत काटा नव्हता. तो सात म्हणाला असता तर कुणी पडताळून पाहिलं नसतं. त्याने चार कागद तळहातावर घेतले. तळहात किंचित खाली गेला.

"वीस," तो मोठ्याने म्हणाला. "दोनशे बारा होतील."

"मग?"

"मग नाही बसत."

"तूच म्हणालास हं," चष्मेवाला म्हणाला, आणि हायसं वाटून त्याने पुस्तिका परत टेबलाखाली ठेवली.

डाव अजून तासभर चालायचा होता. मेकॅनिक नवे बूट घालून राखेत उतरला. किलो खुर्चीवर बसून राहिला. ताई संध्याकाळपर्यंत कामावर होती आणि घराची किल्ली दाजींच्या खिशात होती.