गाडेकर सरांचं कॅलोमेल

दगडांच्या डिपार्टमेंटमध्ये हसण्यासारखं काय घडणार, असं आमच्या घरी सगळ्यांना वाटतं. त्यांना काय माहीत! संगमनेरच्या एका कॉलेजात मी जिऑलॉजी शिकवतो. डिपार्टमेंटमध्ये माणसं तीन: हेड गाडेकर सर, मी आणि लॅब अटेंडंट भाऊसाहेब. दुपारचा चहा ओतला की तिघांपैकी कुणीतरी म्हणतं, "ते आठवतं का?" आणि गेला पुढचा तास! यातले निम्मे किस्से एकाच दगडाचे आहेत. त्या दगडानं आम्हाला शहाणं केलं की खुळं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

*

दगड आला केडगावच्या जाधव काकूंकडून. त्यांच्या मिस्टरांना दगड जमवायचा नाद. ते जाऊन वर्ष झालं आणि काकू लाकडी पेटी टेम्पोत घालून थेट डिपार्टमेंटच्या दारात आल्या.

"मुलं म्हणतात टाकून द्या. मला टाकवत नाही. तुम्ही ठेवाल का?"

पेटीत बहुतेक आपल्याकडच्याच गारगोट्या होत्या. तळाशी एक पत्र्याची डबी निघाली. आत तीन काळे कागद, त्यांच्या आत मेणात बसवलेला लिंबाएवढा दगड, वर साखरेच्या दाण्यांसारखे पिवळट स्फटिक. सोबत चिठ्ठी: 'कॅलोमेल. पाऱ्याचं खनिज. उजेडात ठेवू नये.'

गाडेकर सर मटकन स्टुलावर बसले. पारा आणि क्लोरीन मिळून झालेलं हे खनिज त्यांनी वीस वर्षं शिकवलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. स्पेन, अमेरिका, स्लोव्हेनिया इकडच्या पाऱ्याच्या खाणींत, हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या तांबड्या दगडाच्या सोबतीनं, तेही चिमूटभर मिळतं. ते आज केडगावहून टेम्पोनं आलं होतं!

"कुठं मिळालं त्यांना?" सरांनी विचारलं.

"ते मला काय सांगतायत! माझ्या लग्नातल्या शालूला त्यांनी आयुष्यात एक कागद गुंडाळला नाही. ह्या दगडाला बघा, तीन!"

*

कॅलोमेल उजेडात काळवंडतं. म्हणून डबी बंद कपाटात ठेवली आणि चावी सरांकडे. पण सरांना चैन पडेना. काळं पडलं असेल का? रोज सकाळी ते डबी उघडायचे, खिडकीपाशी न्यायचे, चष्मा वर करून बघायचे.

महिन्याभरानं मला म्हणाले, "अरे, रंग उतरतोय बहुतेक. जरा करडा झालाय. काही कळत नाही. कपाटात तर अंधार आहे!"

मीही विचारात पडलो. कपाटाची फट तपासली. दाराला आतून काळा कागद चिकटवला. तरी करडेपणा वाढतोच आहे!

भाऊसाहेब आठवडाभर हे बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, एक बोलू का? तुमी बघायचं थांबवा, मंग त्यो काळा व्हायचा थांबंल."

*

त्याच वर्षी कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती आली. सरांनी कॅलोमेल शोकेसमध्ये मधोमध मांडलं आणि वर काळं फडकं टाकलं. आमचं सगळ्यात भारी सँपल म्हणजे काचेमागचं एक फडकं!

समितीच्या मॅडम थांबल्या. "याच्याखाली काय आहे?"

"अत्यंत दुर्मीळ खनिज, मॅडम. उजेड चालत नाही."

"मग विद्यार्थी बघतात कसं?"

सरांनी चष्मा वर ढकलला. "विद्यार्थी बघत नाहीत, मॅडम. विद्यार्थी विश्वास ठेवतात!"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कधी कळलं नाही, पण लिहिताना त्यांचा खांदा हलत होता.

*

अश्विनी आमची राहात्याची विद्यार्थिनी. हुशार, पण तोंडी परीक्षेला भलतीच घाबरायची. बाहेरून आलेले परीक्षक आवाजानं जरा भारदस्त होते. त्यांनी नेमकं कॅलोमेलच विचारलं.

"कठीणपणा?"

"खूप मऊ, सर. नखानं ओरखडा येतो. सुरीनं कापता येतं."

"वजन?"

"आपल्या काळ्या दगडाच्या दुप्पट-अडीचपट जड, सर."

मी खूश. परीक्षकही खूश. म्हणाले, "व्हेरी गुड! आता सांग, हे कुठे आढळतं?"

अश्विनीनं डोळे मिटले. ओठ हलले. मग एकदम चेहरा उजळला. "तिसऱ्या कपाटात, सर! वरून दुसरा कप्पा!"

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. गाडेकर सर मात्र हळूच म्हणाले, "उत्तर चूक नाहीये."

मार्क पूर्ण मिळाले. अश्विनी आता स्वतः शिकवते, आणि तिच्या विद्यार्थ्यांना हा किस्सा स्वतःच सांगते म्हणे.

*

पाऱ्याचं खनिज आमच्याकडे आहे ही बातमी कशी कोण जाणे, पसरली. एक दिवस बबनराव नावाचे शेतकरी काचेची बाटली घेऊन आले. तळाशी चकचकीत गोळ्या पळत होत्या.

"सर, हिरीचा गाळ काढीत हुतो. त्यात ह्ये घावलं. पारा हाय ना?"

सरांनी बाटली हलवली. पाराच होता! शंकाच नाही! सरांचा चेहरा पांढरा पडला. आपल्या जिल्ह्यातल्या विहिरीत पारा कसा निघेल? पण निघाला तर होता. बबनराव म्हणाले, सगळा गाव हिरीवर लोटलाय, मेव्हणा खाणीची परवानगी कुठं मिळती ते विचारायला गेलाय.

सरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी पिता का त्या विहिरीचं?"

"व्हय की. समदं घर पितं."

"आजपासून बंद! पोरांना गाळात हात घालू देऊ नका."

आम्ही लगेच निघालो. विहीर बघितली, खडक बघितला, गाळ बघितला. सर दोन तास काठावर डोकं धरून बसले. काहीच जुळेना. तेवढ्यात भाऊसाहेबांनी काठावरच्या भंगाराच्या ढिगातून एक लांबट पेटी ओढून काढली. रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र, पाऱ्याच्या नळीचं. नळी फुटलेली. जावयाचा दवाखाना बंद झाला, तेव्हाचं सामान बबनरावांनीच तिथं आणून टाकलेलं!

बबनरावांनी ती पेटी उलटीपालटी करून बघितली.

"म्हंजी माझ्या हिरीत पारा न्हाई... बीपी निघालं म्हना की!"

पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट चांगला आला. तोवर महिनाभर त्यांच्या घरी टँकरचं पाणी होतं, आणि खाणीच्या परवानगीची चौकशी करणारा मेव्हणा गावात तोंड लपवून फिरत होता.

*

अतिनील दिव्याखाली कॅलोमेल विटकरी लाल चमकतं, असं पुस्तकात आहे. दिवा आमच्याकडे नव्हता. भाऊसाहेबांनी ओळखीच्या एका दुकानदाराकडून नोटा तपासायचा दिवा मागून आणला. खिडक्यांना चादरी लावल्या. विद्यार्थी श्वास रोखून उभे. सरांनी बटण दाबलं.

अंधारात एक भलामोठा निळसर पांढरा आकार लखलखला! पोरी किंचाळल्या.

तो सरांचा शर्ट होता. साबणात कसलीशी पावडर असते, तिचा प्रताप! दगड कुठंतरी खाली मिणमिणत होता, पण बघतंय कोण?

अंधारातून भाऊसाहेबांचा घाबरा आवाज आला, "सर, कापडं काढा आधी, पारा अंगावर सांडलाय तुमच्या!"

*

आणि हा मागच्या वर्षीचा.

सर निवृत्तीला आले. जाण्याआधी कॅलोमेल एकदा रीतसर तपासून घ्यावं, असं त्यांनी ठरवलं. आम्ही दोघं डबी घेऊन पुण्याला एका प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तरुण मॅडमनी स्फटिकाचा कण यंत्रात घातला. तासाभरानं बाहेर आल्या.

"सर, कॅलोमेलच आहे. अगदी शुद्ध."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. आधीच घेऊन ठेवला होता!

मॅडमनी पेढा घेतला नाही. "पण सर, खालचा दगड मेणातून सोडवून बघितला. हा काळा दगड तुमच्याकडचाच आहे. त्याच्या पोकळीतल्या बारीक गारगोट्यासुद्धा तुमच्याकडच्याच. कुठं मिळाला हा?"

"चिकटवला असेल कुणीतरी," मी म्हणालो.

"गोंद नाहीये. मी दोनदा बघितलं. स्फटिक दगडाच्या पोकळीतच वाढलेत."

"शक्य नाही," सर म्हणाले.

"मलाही तसंच वाटतं, सर."

परत येताना नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला, घाट गेला. पेढ्यांचा पुडा सरांच्या मांडीवर तसाच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाचा पहिला तास होता. तीस वर्षं सर त्या तासाची सुरुवात एकाच वाक्यानं करत आलेत: "आपल्या जिल्ह्याच्या काळ्या दगडात पाऱ्याचं खनिज सापडत नाही. लिहून घ्या." मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो. भाऊसाहेब दारात.

सरांनी खडू उचलला. पोरांनी वह्या उघडल्या.

"आपल्या जिल्ह्याच्या काळ्या दगडात..." सर थांबले. फळ्याकडे वळले, परत पोरांकडे वळले.

"लिहून घेऊ नका," ते म्हणाले. "नुसतं ऐका."

आम्ही सगळे ऐकत बसलो. सर काही बोललेच नाहीत!